लाइन क्लिअर, जवाईबापू?

आमच्या अकोल्याच्या घरमालकांनी फोन उचलून कधी 'हॅलो' म्हटल्याचं मला आठवत नाही. फोन वाजला की ते आधी चष्मा लावत, मग सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावत आणि पलीकडे कोण आहे याची चौकशीही न करता मोठ्यांदा विचारत, "लाइन क्लिअर?" समोरचा माणूस "क्लिअर" म्हणेपर्यंत पुढचा शब्द तोंडातून निघायचा नाही. नवखा कोणी असला की बिचारा "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून द्यायचा. मग हे आमच्याकडे वळून म्हणत, "पाहा, सिग्नल नव्हता आन् गाडी हाकलली. धडकनारच."

मूर्तिजापूरहून सुटणाऱ्या शकुंतला नावाच्या छोट्या गाडीवर त्यांनी उभा जन्म गार्डाची नोकरी केली होती. ती गाडी इतकी सावकाश चालायची की माणसं उतरून शेजारच्या वावरातली बोरं खाऊन परत चढायची, असं तिच्याबद्दल जो तो सांगतो. हे त्यांना अजिबात खपत नसे. "बोरं नाही, हरभरा," ते म्हणत. "बोरीची झाडं लाइनीपासून दूर होती. खोटं काहून सांगावं मानसानं?" पुढे ती गाडी बंद झाली. यांची नोकरीही त्याच सुमाराला संपली आणि ते अकोल्याच्या घरी येऊन बसले. म्हणजे बसले असं आपलं म्हणायचं. बैठकीत खुंटीला हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि शिट्टी टांगलेली होती, आणि या तिघींना रोज काही ना काही काम मिळालं पाहिजे असा त्यांचा आग्रह असे.

ते काम शेवटी मी दिलं.

माझी बायको मूळची बाळापूरची. पुण्यात तिने कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर शिकवण्यात घालवली आणि मग एकदाची अकोल्याच्या कॉलेजात तिला कायमची नोकरी लागली. आमची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. मी पुण्याच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो. स्वतःच्या चुका शोधायला कंपनीने मला कधी सांगितलं नाही आणि मीही ते काम आपणहून मागून घेतलं नाही. आमच्या मॅडमनी मला अकोल्यात बसून काम करायची परवानगी दिली, पण तोंड वाकडं करून. "पावसाळाभर बघू," त्या म्हणाल्या. "ऐन मीटिंगमध्ये इंटरनेट गेलं, की तू पुण्याच्या ऑफिसात हजर." म्हणजे मी पुण्याला, बायको आणि पोर अकोल्याला, आणि शनिवार-रविवार आमची भेट. बायको एकदाच म्हणाली, "तुमचं इंटरनेट टिकलं म्हणजे झालं." त्यानंतर ती हा विषय काढायची नाही, पण रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकताना आधी इंटरनेटच्या डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडे बघायची.

बायको त्या भागातली लेक, म्हणून मी पहिल्या दिवसापासून सबंध गल्लीचा जावई झालो. काकाजी, म्हणजे आमचे घरमालक, मला 'जवाईबापू' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. पण जावयाचा मान वेगळा आणि भिंत वेगळी. फायबरची तार घेऊन गजानन नावाचा जोडणीवाला आला आणि त्याने ड्रिल मशीन काढलं, तेव्हा काकाजी दोन्ही हात पसरून भिंतीसमोर उभे राहिले.

"भोक पाडाचं नाही. एक एक ईट मी भट्टीवर जाऊन निवडली हाय."

"बारीकसं पाडतो काकाजी. बोटाएवढं."

"मंग तुह्या बोटाले पाड."

मी पुण्याचा शिकलेला माणूस. अडाण्याला नीट समजावून सांगितलं की तो ऐकतो अशी माझी समजूत होती. मी काकाजींना खुर्चीवर बसवलं आणि व्याख्यान दिलं. ही इंटरनेटची लाइन. हिच्या आत काच असते. केसासारखी बारीक काच. तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडातून माझं ऑफिस अकोल्याला येतं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"याच्यात करंट नसते?"

"अजिबात नसतो, काकाजी. अगदी लहान मूल लोंबकळलं तरी काही होणार नाही."

"लेकरू लोंबकळलं तरी?"

"काहीसुद्धा होणार नाही."

"मंग याले लाइन काहून म्हनता?"

या प्रश्नाचा अर्थ मला आठवड्याभराने कळला. एका दुपारी गल्लीत ओरडा झाला, "लाइन गेली, लाइन गेली!" मी घाबरून इंटरनेट कंपनीच्या अमरावतीच्या ऑफिसला फोन लावला, कारण अकोल्याच्या तक्रारीही अमरावतीलाच जातात. तिथल्या बाईला मी चांगलं फैलावर घेतलं. ग्राहकाचे हक्क वगैरे सांगितले. तिने शांतपणे विचारलं, "सर, तुमच्याकडे पंखा चालू आहे का?" मी वर बघितलं. पंखा बंद होता. वऱ्हाडात लाइन गेली म्हणजे वीज गेली, एवढं साधं मला ठाऊक नव्हतं आणि पंखा बंद पडल्याचंही व्याख्यानाच्या भरात कळलं नव्हतं. बायकोने ही गोष्ट माहेरी सांगितली. बाळापूरला मी गेलो की अजून कोणी तरी आधी पंख्याकडे बघतं आणि मग मला बसायला सांगतं.

तार शेवटी कूलरच्या खिडकीतून आत आली. अकोल्याच्या प्रत्येक घरात एक खिडकी कूलरला दिलेली असते आणि तिच्या कडेला एक फट असते. डबाही तिथेच जवळ ठेवला. मग मे महिना उजाडला. त्या उन्हाबद्दल मी काही लिहीत नाही, पुण्याचे लोक विश्वास ठेवत नाहीत आणि अकोल्याचे हसतात. एकदा मी जिना उतरताना सहज म्हणालो, "काकाजी, आमचा डबा फार तापतो हो. गार ठेवला पाहिजे." मी बाजारात जाऊन परत येईपर्यंत काकाजींनी माठाचं ओलं फडकं त्या डब्याला छान गुंडाळून ठेवलं होतं आणि वरून तांब्याभर पाणीही शिंपडलं होतं.

गजानन आला. त्याने डबा उलटा केला, तर आतून पाणी गळलं.

"काकाजी, हे बुडवलं का तुमी?"

"बुडवलं नाही. थंड केलं," काकाजी म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "जवाईबापू म्हनले, गार ठेवा लागते."

दुसरा डबा येईपर्यंत मी मॅडमना ताप आल्याचं कळवलं. ताप डब्याला आला होता, एवढं मात्र सांगितलं नाही.

काकाजींचं हे असं होतं. तुम्ही बोललात तो शब्द ते जसाच्या तसा उचलून ठेवायचे आणि वेळ आली की तसाच काढून वापरायचे. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे चल, त्यात 'म्हणजे तसं नाही, पण' याला जागा नव्हती. मी पुण्यात वाढलो. आमच्याकडे 'या एकदा घरी' याचा अर्थ येऊ नका असा होतो. तेव्हा अशा माणसाशी बोलताना किती जपायला हवं याची मला काय कल्पना असणार?

ओल्या फडक्याचं त्यांच्या मनाला फार लागलं असावं. त्यानंतर त्यांनी माझ्या लाइनीची गार्डाची नोकरी स्वतःकडे घेतली. मीटिंगची वेळ झाली की खालून, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून आवाज यायचा, "लाइन क्लिअर, जवाईबापू?" मी डब्यावरचे दिवे बघून "क्लिअर, काकाजी!" म्हणायचं. मग ते फाटकाला लाल झेंडी लावायचे. झेंडी दिसली की दूधवाला बेल वाजवत नसे आणि भाजीवाली गल्लीच्या तोंडाशीच गप्प व्हायची. कुटाराने, म्हणजे गुरांच्या भुशाने, लादलेला उंच ट्रक गल्लीत शिरायला लागला, तर काकाजी आडवे उभे राहून त्याला मागे घ्यायला लावायचे, कारण त्याच्या टपाला तार लागली असती. कडुनिंबावरून वांदरं तारेकडे सरकली की शिट्टी वाजायची. ती इतकी कडक वाजायची की एकदा मॅडमनी मीटिंग थांबवून विचारलं, "तुमच्याकडे कबड्डी चालू आहे का?"

मला लाज वाटायची. म्हाताऱ्याला काही उद्योग नाही आणि आपण त्याच्या खेळातली गाडी झालोय असं वाटून मी चिडायचो. एकदा मी म्हणालोही, "काकाजी, अहो हे साधं इंटरनेट आहे. एवढं कशाला?"

ते फाटकाची झेंडी काढून घडी घालत होते. "जवाईबापू, लाइन कशासाठी असते?"

"माणसं जायला-यायला."

"जायाले नाही. मी अर्धं आयुष्य यवतमायच्या आन् अचलपूरच्या खोल्याईत झोपलो. काकू तुमची इकडं एकटी. लाइन असते ते मानूस सांजच्याले घरी यावं म्हनून. तुमी तर सकायपासूनच घरी हा. मंग मी राखू नाही काय तुमची लाइन?"

त्यानंतर मी "क्लिअर" जरा नीट ओरडू लागलो.

आता आम्ही अमरावतीला राहतो. बायकोची तिकडच्या कॉलेजात बदली झाली. घरात दोन वेगवेगळी कनेक्शनं आहेत आणि एक गेलं तर दुसरं आपोआप चालू होतं. मीटिंगआधी मला कोणी काही विचारत नाही. बरं चाललंय म्हणायचं.

पण अकोल्याचा तो तान्हा पोळा सांगायलाच हवा. मोठा पोळा बैलांचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा. मुलं लाकडी नंदीबैल सजवून आणतात, गल्लीत आडवं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली बैल उभे करून झडत्या म्हणतात, म्हणजे हाळी दिल्यासारखी यमकं. मग तोरण ओढून तोडतात. तोरण तुटलं की पोळा फुटला. आमच्या गल्लीचा तान्हा पोळा अर्थातच काकाजींच्या ताब्यात असे आणि त्या दिवशी दुपारी माझी मॅडमबरोबर मीटिंग होती. पावसाळा सरत आला होता. मला अकोल्यात ठेवायचं की नाही, ते त्या मीटिंगमध्ये ठरायचं होतं.

सकाळी मी दाढी करत होतो. खालून काकाजींनी हाक दिली, "जवाईबापू, तोरन लाइनीले बांधू काय?"

तोवर मी अकोल्यात मुरलो होतो. लाइन म्हणजे वीज, हे मला पक्कं ठाऊक झालं होतं. लाइनीला म्हणजे विजेच्या खांबाला, यात शंका घेण्यासारखं काय होतं? उलट आपल्याला आता ही बोली चांगली येते याचा मला अभिमान वाटला आणि तोंडाला साबण तसाच ठेवून मी खिडकीतून ओरडलो, "हौ, बांधा नं बाप्पा!" बायकोसुद्धा आतून हसली. जावई शोभलात, म्हणाली.

दुपारी मीटिंग सुरू झाली. फाटकाला लाल झेंडी होती, पण पोळा थांबवणं काकाजींच्याही हातात नव्हतं. खालून त्यांचा आवाज येत होता. त्यांनी त्या वर्षासाठी खास झडती रचली होती:

"काचेची लाइन, लाइनीत नाही करंट,
जवाई आमचा अकोल्यात, पुण्याचा सर्व्हंट!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

मुलांनी जोरात "महादेव!" म्हटलं. मॅडम हसल्या. त्यांचा मूड चांगला आहे हे मी हेरलं. त्या म्हणाल्या, "मजा आहे तुझी. आणि नेट कसं आहे रे तिकडे? खरं सांग."

"मॅडम, खरं सांगू?" मी खुर्चीत जरा रेलून म्हणालो. "पुण्यापेक्षा..."

मॅडम हसऱ्या चेहऱ्याने तशाच थिजल्या. डब्यावर लाल दिवा लागला. गल्लीत एकच कल्लोळ उठला, "फुटला! पोया फुटला!" पाठोपाठ आमची लेक नंदीबैल काखेत मारून धापा टाकत जिना चढून आली. तिच्या हातात आंब्याची पानं अडकलेला काळ्या तारेचा लांब तुकडा होता.

"बाबा," ती म्हणाली, "सगळ्यात मोठं तोरण मला मिळालं!"

मी खाली धावलो. काकाजी तारेचं दुसरं टोक हातात धरून उभे होते.

"लाइनीले बांधू काय म्हनून इचारलं होतं तुमाले."

"मला वाटलं, विजेच्या खांबाला!"

"विजेच्या लाइनीले लेकराईचं तोरन बांधीन काय मी?" काकाजी खरंच हादरले होते. "करंट असते तिच्यात. याच्यात करंट नाही, लेकरू लोंबकळलं तरी काई होत नाही, हे कोनं सांगितलं होतं?"

मी सांगितलं होतं. व्याख्यान देऊन सांगितलं होतं. आणि लेकरांना खरोखरच काही झालं नव्हतं.

मोबाइलच्या नेटचं आमच्या गल्लीत नुसतं चक्र फिरायचं, पण साधा फोन लागला. मॅडमचा आवाज आता थंड होता. उद्या दुपारी परदेशातल्या ग्राहकाबरोबर बैठक होती. ती अकोल्यातून नीट झाली तर ठीक, नाही तर सोमवारपासून पुणे. अमरावतीच्या ऑफिसने सांगितलं की पोळ्याची सुटी उद्याही आहे, माणूस परवा येईल. मी फोन ठेवला आणि काकाजींवर ओरडलो. "घ्या आता. मी चाललो पुण्याला. सांभाळा तुमची लाइन!" त्यांनी फाटकाची लाल झेंडी काढली आणि घडी न घालता आत नेली. वर आलो तर बायकोने माळ्यावरची माझी बॅग काढून पलंगावर ठेवली होती. मला रडायला येत होतं, आणि भूकही लागली होती. मला नेहमी दोन्ही एकदम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी घरात नव्हते. "अंधारातच गेले बाप्पा," काकू म्हणाल्या. "च्या बी नाई घेतला. कोठी जाता म्हनलं तर बोलले नाही." मला वाटलं, तोंड लपवायला गेले असतील. तसं मी बायकोला बोलूनही दाखवलं. माझ्या बुद्धीची झेप साधारण एवढीच असते.

जेवणाच्या सुमाराला गल्लीत मोटारसायकल थांबली. पुढे गजानन आणि मागे काकाजी. अंगात गार्डाचा पांढरा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि कोटावर अमरावती ते अकोला सगळ्या रस्त्याचा चिखल. काखेत झेंड्यांची गुंडाळी. उतरल्यावर त्यांना लगेच सरळ उभं राहता येईना, तर मी हात दिला. त्यांनी तो धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही. "आंदी लाइन," एवढंच म्हणाले.

गजाननने शिडी लावली, तुटलेली टोकं जोडली आणि तार या वेळी इतकी उंच बांधली की तोरणच काय, पतंगही तिला सहज अडकू नये. वर डब्यावरचा दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला. ग्राहक यायची वेळ झाली होती. खालून नेहमीसारखा आवाज आला, पण जरा बसलेला.

"लाइन क्लिअर, जवाईबापू?"

मी जिन्याकडे तोंड करून ओरडलो, "क्लिअर, काकाजी!"

खिडकीतून बघितलं तर त्यांनी त्या दिवशी लाल झेंडी बांधली नव्हती. अंगणात ताठ उभे राहून ते हिरवी झेंडी हलवत होते, गाडी सुटताना हलवतात तशी. बैठक सुरळीत पार पडली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. राहा तिकडेच." मी बायकोच्या कॉलेजात फोन करून तिला सांगितलं. ती म्हणाली, "ती बॅग माळ्यावर टाका."

मी खाली आलो तेव्हा काकाजी कोटासकट बैठकीत झोपून गेले होते. गजानन जिन्यावर बसून काकूंनी केलेला चहा पीत होता. त्याने सांगितलं, सुटी असूनही अमरावतीच्या ऑफिसात एक-दोन माणसं होती, साहेब होते. काकाजी पहाटेच्या गाडीने गेले आणि लाल झेंडी पसरून दारातच बसले. "म्हने, लाइन क्लिअर भेटल्याशिवाय कोनालेच अंदर-बाहेर जाऊ देत नाही. साहेब म्हनले, गजू, तू आंदी अकोल्याले जा बावा."

"रस्त्याने काही बोलले का?" मी विचारलं. मला वाटलं, माझ्याबद्दल काही बोलले असतील.

"काईच नाही. फक्त मूर्तिजापूरले गाडी थांबव म्हनले. मले वाटलं च्या पेतीन. तर ते छोट्या लाइनीपाशी जाऊन उभे राह्यले. निरा गवत वाढलं हाय तिथं, रूळ दिसत बी नाही. मी म्हनलं, चाला काकाजी, उशीर होऊन राह्यला." गजाननने कप खाली ठेवला. "तर मले म्हनतात, आमची लाइन बंद झाली तवा कोनाच्या दारात जाऊन बसा लागते, हे मले मालूमच नव्हतं रे."